‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी

भिवापूरच्या शेतीत ट्रॅक्टरला वर्षभरात अगदी वेगवेगळी ओझी पेलावी लागतात. काळ्या वावरात सोयाबीन, हरभरा, मिरचीची मशागत. पवनी-नागभीडच्या अंगाला धानाच्या बांधीत चिखलणी. सुगी झाली की भरलेली ट्रॉली. इंजिन चालू, गिअर पडतो, क्लच सुटतो, तरी चाक जागचे हलत नाही, अशी वेळ जुन्या ट्रॅक्टरवर आली की पहिला निकाल ठरलेला असतो: गिअरबॉक्स गेला. मग मागचा भाग सुटा होतो, रोवणीचे दिवस हातचे जातात आणि पुष्कळदा गिअरबॉक्स शाबूत निघतो. तुटलेला भाग कोणता आणि तो का तुटला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बरेचदा एकही बोल्ट न काढता मिळते. दुसऱ्याचे मिळाले नाही, तर दुरुस्ती अर्धीच राहते.

गैरसमजाचे मूळ डिफरन्शियलमध्ये आहे. एका बाजूचा एक्सल तुटला तर दुसरे चाक तरी ओढेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एका बाजूला अडवणारे काही उरले नाही की सगळी फिरकी तिकडे वाया जाते आणि धडधाकट चाकही उभे राहते. म्हणून एक एक्सल तुटलेला ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स मोडलेला ट्रॅक्टर वरून सारखेच दिसतात. फरक कळायला आधी पीटीओ, म्हणजे अवजारे फिरवणारा मागचा शाफ्ट, पाहावा. एकच क्लच प्लेट असलेल्या ट्रॅक्टरांत तो त्याच प्लेटमागून फिरतो, त्यामुळे तिथे भार देऊनही तो नीट चालला तर क्लच प्लेटवरचा संशय मिटतो. मग इंजिन बंद करून, पुढच्या चाकांना अडण लावून, मागची दोन्ही चाके पक्क्या ठोकळ्यांवर उचलावीत. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. गिअर टाकून एक चाक हाताने फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरायला हवे. ते ढिम्म राहिले तर एखादा एक्सल किंवा डिफरन्शियलमधले छोटे गिअर तुटलेले असण्याचा संभव मोठा. आता डिफरन्शियल लॉक दाबावा. एक चाक घट्ट आणि दुसरे मोकळे राहिले, तर मोकळ्या बाजूचा एक्सल गेला. दोन्ही चाके एकाच दिशेने मोकळी फिरली, तर बिघाड डिफरन्शियलच्या पुढे, क्राउन-पिनियन किंवा गिअरबॉक्सकडे आहे. गिअरबॉक्सचे नाव इथे प्रथम घ्यावे, त्याआधी नाही.

‘शेवटी उघडायचेच आहे, मग एवढी तपासणी कशाला?’ हा आक्षेप मिस्त्रीच्या बाजूने रास्त वाटतो, पण उघडायचे कुठून हेच या तपासणीवर ठरते. मॅसी फर्ग्युसन ३५ वरून आलेल्या ‘टॅफे’च्या १०३५ मध्ये एक्सल डिफरन्शियलपासून थेट चाकापर्यंत जातो, तर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातल्या महिंद्रा बी-२७५ मध्ये मधे बुल गिअरची जोडी आहे. दोन्हींत एका बाजूचे काम ट्रॅक्टर मधोमध न फोडता होऊ शकते. तेल मात्र आधीच काढून स्वच्छ फडक्यावर ओतावे. राखाडी बारीक लगदा ही नेहमीची झीज, चकाकते टोकदार तुकडे म्हणजे दात, पितळी कण म्हणजे वॉशर, आणि ताकासारखे पांढरट तेल म्हणजे आत पाणी.

तुटलेला एक्सल हाती आला की ‘जुनाच होता’ म्हणून भंगारात टाकू नये. त्याचे तोंड नीट पाहावे. एका कडेपासून गुळगुळीत, चंद्रकोरीसारख्या रेषा सरकत गेलेल्या आणि शेवटी थोडाच भाग खरबरीत असेल, तर चीर फार दिवसांपासून वाढत होती. तिची सुरुवात बहुधा स्प्लाइनच्या मुळाशी सापडते. सगळेच तोंड खरबरीत किंवा पिळवटलेले असेल, तर एकाच झटक्याने घात केला. असा झटका वळणावर डिफरन्शियल लॉक दाबल्याने बसतो, किंवा रुतलेल्या ट्रॅक्टरचा क्लच एकदम सोडल्याने. एका चाकाचा ब्रेक दाबून वळताना तर दुसरे चाक डिफरन्शियलच्या दुप्पट वेगाने फिरते. शेताच्या कोपऱ्यात क्षणभर ते चालते. चिखलात रोज तसेच वळवले की आतले छोटे गिअर त्याची किंमत मोजतात.

हंगाम तोंडावर असताना वेल्डिंगचा मोह होतो, आणि त्यामागची निकड खोटी नाही. पण एक्सलचे पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ती प्रक्रिया जोडाच्या आजूबाजूला बिघडते, म्हणून शाफ्ट पुढच्या वेळी जोडालगतच तुटतो, आणि तोही भरल्या ट्रॉलीखाली तुटू शकतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा सुस्थितीतला जुना एक्सल याहून कितीतरी बरा. फक्त पिनियन बदलून पैसे वाचवणेही असेच फसवे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच जुळवलेले असतात. नवी जोडी बसवताना दातांना निळा रंग लावून त्याचा ठसा बघावा आणि तो दाताच्या मध्यावर येईपर्यंत शिम बदलत राहावे. हा वेळ जो मिस्त्री मागतो, त्याला तो द्यावा.

क्राउन-पिनियनमधून शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून जाड तेल भरणे हा सर्वांत महागात पडणारा समज मला वाटतो. आवाज दबतो, पण दात बसायची जागा तीच चुकीची राहते. १०३५ सारख्या यंत्रात तर हायड्रॉलिक पंप त्याच तेलावर चालतो, म्हणून तेल पुस्तिकेत सांगितलेलेच हवे.

राहिले पांढरट तेल. एक्सलचा सील बदलला तरी पुढच्या चिखलणीत पाणी पुन्हा आत आले, तर दोष सीलच्या दर्जावर जातो. हौसिंगवरचा हवेचा छोटा ब्रीदर मात्र कोणी पाहत नाही. तो चिखलाने बुजला असेल, तर कामाने तापलेले हौसिंग बांधीतल्या पाण्यात निवताना आतली हवा आकसते आणि नव्या सीलच्या ओठातूनही पाणी आत ओढले जाते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवायला काही मिनिटे पुरतात.