माप चुकतं ते कपड्याचं

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात लग्नसराईत शिंप्यांच्या दुकानांत डोकावलं तर एकाच खुंटीवर अर्धी मुंबई टांगलेली दिसते. सेंट अँथनी चर्चला जाणाऱ्या ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी घरांतले पांढरे गाऊन, मशिदीकडच्या वस्तीतले शरारे आणि शेरवान्या, कोकणातून येऊन इथं स्थिरावलेल्या कुटुंबांतली शालूवरची ब्लाउजं आणि शिवलेल्या नऊवारी. धर्म वेगळे, विधी वेगळे, पण एक प्रसंग सगळ्या घरांत सारखाच घडतो. लग्न दहा दिवसांवर येतं, कपडा हौसेनं अंगावर चढवला जातो आणि हूक लागत नाही. किंवा लागतं, पण खांदा घसरतो. मग आत्या, मावशी, मैत्रीण, शेजारीण असे सगळेच उपाय सुचवू लागतात. त्यातले बरेचसे चुकीचे असतात, काही तर अपायकारक.

«आठ दिवस जरा कमी खा, आपोआप बसेल»

नवरीला दिला जाणारा हा सर्वांत वाईट सल्ला. आठवडाभरात घाईनं उतरलेल्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. ते पाणी दोन दिवस नीट जेवलं-प्यायलं की परत येतं. तसंही एका दिवसात माणसाचं वजन किलोभर इकडे-तिकडे होतं. जेवणातलं मीठ, पाळीचे दिवस, जागरण या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. त्यामुळे सकाळी सहज लागलेलं हूक संध्याकाळी ताणलं जाणं स्वाभाविक आहे. अनेक मराठी घरांत वधू-वर मुहूर्तापर्यंत उपाशी असतात. आधीच्या आठवड्याची उपासमार, वर हा उपास आणि मंडपातला उकाडा एकत्र आले की अक्षता पडेपर्यंत चक्कर यायला वेळ लागत नाही.

दुसरं असं की वजन उतरलं तरी खांद्याची रुंदी उतरत नाही. ती हाडांची असते. ब्लाउज खांद्यात किंवा पाठीत आवळत असेल तर उपाशी राहून काहीच साधत नाही.

उलट संकटही खरंच येतं. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये डायनाचं लग्न झालं. तिचा पोशाख डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल या जोडीनं शिवला होता. लग्न ठरल्यापासून तिची कंबर उतरत गेली आणि पोशाखाचा वरचा भाग त्यांना पुन्हा पुन्हा लहान करावा लागला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या लग्नाच्या पोशाखाचंही पहिलं माप टिकलं नाही. शिवणाऱ्यांनी शरीराला दोष दिला नाही, कपडा बदलत नेला. वाकोल्यातल्या मुलीच्या बाबतीतही हाच क्रम योग्य आहे.

«घट्ट होतंय म्हणजे छाती-कंबर वाढली»

इथं जरा थांबायला हवं, कारण शिंपीकामातलं खरं ज्ञान इथंच आहे. बसत नसलेला कपडा स्वतःच सांगत असतो की दुखणं कुठं आहे. ते त्याच्या चुण्यांवरून वाचता येतं.

छातीच्या उंच भागाकडून बगलेकडे आडव्या चुण्या पडत असतील आणि पुढची हुकं फाकत असतील, तर पुढच्या भागाची रुंदी कमी पडली आहे. अशा वेळी पाठीकडून सैल करून फारसा उपयोग होत नाही. टक्सच्या टोकाशी कापड फुगत असेल तर टक्स भलत्याच उंचीवर आले आहेत. बहुधा माप देताना आत एक अंतर्वस्त्र होतं आणि ट्रायलला दुसरंच, त्यामुळे असं होतं. खांदा सारखा घसरत असेल तर छाती सैल आहे असं समजून बाजूच्या शिवणी आवळल्या जातात. त्यानं श्वास कोंडतो, खांदा मात्र घसरायचा तो घसरतोच. गळा पुढं रुंद आणि मागं खोल असला की खांद्याच्या पट्टीला आधार उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे मागं नाडी बांधणं किंवा खांद्याची शिवण चिमटीभर आत घेणं.

सर्वांत मोठा गैरसमज मुंढ्याचा. हात वर केला की पूर्ण ब्लाउज वर सरकतं, बगलेत काचतं, आणि घरचे म्हणतात, ‘मुंढा अजून खोल कापून घे.’ पण मुंढा जितका खाली जातो तितकी बाही धडाला खालून जोडली जाते, आणि हात उचलताच धडाचं कापडही वर ओढलं जातं. हात मोकळा राहायला मुंढा बगलेच्या जवळ आणि बाहीला वरून पुरेशी रुंदी असावी लागते. वरमाला घालायला दोन्ही हात डोक्याच्या उंचीवर न्यावे लागतात, त्यामुळे ही चूक नेमकी सगळ्यांसमोर उघडी पडते. एकदा खोल कापलेला मुंढा पुन्हा वर आणता येत नाही. बगलेत वेगळी कळी जोडावी लागते. म्हणून या जागी कात्री लावण्याआधी दुसऱ्या एखाद्या अनुभवी मास्तरला दाखवून घ्यावं.

«लहान करता येतं, मोठं करता येत नाही»

अर्धं खरं. मोठं करता येणं शिवणीतल्या मायेवर अवलंबून असतं. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. बहुतेक दुकानांत याला मार्जिन म्हणतात. दोन्ही बाजूंच्या शिवणी मिळून कापडाच्या चार कडा होतात. प्रत्येक कडेला अर्धा इंच सोडला तर घेर दोन इंचांनी वाढतो. चांगला शिंपी लग्नाच्या ब्लाउजात इंचभर किंवा जास्तही माया ठेवतो. तयार कपड्यांत कापड वाचवायला ती बरेचदा पाव-अर्धा इंचच असते. म्हणून खरेदी करताना कपडा उलटा करून शिवण पाहावी. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि कुठलाही दुकानदार त्याला हरकत घेऊ शकत नाही.

पण माया असली तरी कापडाचा स्वभाव आड येतो. रेशीम, सॅटिन आणि ऑर्गंझावर जुन्या शिवणीची भोकं राहतात, इस्त्रीनं ती जात नाहीत. मखमलीवर जुनी घडी रेघ होऊन दिसते. आईचा शालू किंवा पैठणी मोडून काही शिवायचं असेल तर वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली जर आणि रेशीम तिथंच विरलेलं असतं, म्हणून ताण पडणारी शिवण त्या घडीवर येऊ देऊ नये.

आणि ‘मोठाच घे, नंतर बारीक करू’ हेही तितकंसं खरं नाही. बाजूनं थोडं आत घेणं सोपं. दोन साइझ मोठा कपडा आणला तर खांदा, गळा, मुंढा, बाही सगळंच मोठं असतं. तो लहान करायला बाही उतरवून, अस्तर उसवून जवळजवळ नव्यानं कापावा लागतो. जरदोजी असेल तर शिवणीवरचे मणी-टिकल्या आधी हातानं काढाव्या लागतात, नाहीतर मशीनची सुई मोडते, आणि नंतर त्या पुन्हा हातानंच लावाव्या लागतात. आल्टरचे पैसे ऐकून लोक चकित होतात, पण ते पैसे या हातकामाचे असतात.

शेरवानीबाबतही हेच. भाड्यानं आणलेल्या शेरवानीची लांबी किंवा बाही पटकन आखूड होते, खांदा मात्र होत नाही. नवऱ्या मुलानं आधी खांदा बघावा, मग नक्षी.

«माप एकदा दिलं की काम झालं»

माप उभ्यानं घेतलं जातं, लग्न मात्र बसून, वाकून, हात उचलून लागतं. मांडी घालून पाटावर बसलं की कंबर आणि पोटाचा घेर वाढतो. उभ्यानं नेमकी बसलेली शिवलेली नऊवारी किंवा लेहेंग्याचा नेफा तिथं काचू लागतो. चर्चमध्ये गुडघे टेकावे लागतात आणि गाऊनचा घोळ पायाखाली येतो. म्हणून ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहणं पुरेसं नाही. दुकानात जागा नसेल तर कपडा घरी आणून पाटावर बसावं, नमस्काराला वाकावं, दोन्ही हात वर करावेत, जिना चढून बघावा. लग्नात घालायचं अंतर्वस्त्र आणि चपला त्या वेळी अंगावर हव्यातच. टाचेची उंची बदलली की गाऊनची आणि घागऱ्याची लांबी चुकते.

जुन्या काळी ही अडचण कमी यायची, कारण शिंपी घरात बसून शिवायचा. गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत ‘सादो’ या विधीसाठी लग्नाआधी शिंप्याला घरी बोलावून नवरीचा लाल पोशाख शिवून घेण्याची पद्धत होती. शिवणारा आणि नेसणारी एका छताखाली असली की माप चुकलं तरी तिथल्या तिथं सुधारतं. आज ते शक्य नाही, पण दोन ट्रायल शक्य आहेत. पहिली कच्च्या धावदोऱ्यावर, म्हणजे पक्की टीप मारण्याआधी. दुसरी लग्नाच्या साधारण आठवडाभर आधी. अस्तराचं सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढलं आहे ना, हेही विचारावं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुरगळतं.

«नेहमी एल लागतो, एलच मागव»

एका ब्रँडचा एल दुसऱ्याच्या एम इतका असू शकतो. कपड्यांच्या मापांचा भारतीयांच्या शरीरावर बेतलेला सर्वमान्य तक्ता नव्हता, म्हणून तर केंद्र सरकारनं २०१८ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत, म्हणजे निफ्टमार्फत, मापांचं देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना. तसा तक्ता रूढ होईपर्यंत लेबलवरचं अक्षर बाजूला ठेवून इंचांचा तक्ता पाहावा. परदेशी तक्त्यातली उंची आणि खांदा इकडच्या मुलीला जमेलच असं नाही.

«आता दोनच दिवस उरलेत, काही होणार नाही»

बरंच होतं. वाकोल्याच्या गल्ल्यांत जिन्याखाली एक मशीन टाकून फक्त आल्टर करणारे कारागीर बसतात. अडलेल्या वेळी मोठ्या दुकानापेक्षा तेच जास्त कामाला येतात. ब्लाउज पाठीत अपुरं पडत असेल तर हुकं काढून दोन्ही कडांना लूप लावून नाडी ओवता येते. ती फॅशन म्हणूनही शोभते आणि दोन-तीन इंच मिळवून देते. गाऊनची चेन बंद होत नसेल तर तिथंही हाच उपाय चालतो, खाली त्याच रंगाच्या कापडाची पट्टी लावली की झालं. बगलेत कळी जोडायला कापड कमी असेल तर साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाकडून वीतभर काढता येतं. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर असते, आतलं टोक कुणाला दिसत नाही. मात्र शिवलेली नऊवारी एकदा कापली की ती पुन्हा अखंड साडी होत नाही. म्हणून ठेवणीतली साडी शिवायला देण्याआधी घरात एकदा विचार करावा.

«एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही»

ही पाटी वाचून माणसं गप्प बसतात. पण २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तितक्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत विक्रेत्यानं हे करायला हवं. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. अर्थात दोष मालात हवा. स्वतः चुकीचा साइझ निवडला असेल तर परत घेण्याची सक्ती कायदा करत नाही, तिथं दुकानाची अदलाबदलीची अट लागू होते. ती खरेदीआधीच विचारून घ्यावी.

शिवणकाम ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीलाही हा कायदा लागू होतो. अहमदाबादमध्ये डिसेंबर २०२४ मधल्या एका लग्नासाठी शिवायला दिलेलं ब्लाउज वेळेत मिळालं नाही, तेव्हा तिथल्या ग्राहक आयोगानं आगाऊ घेतलेले पैसे व्याजासह परत करायला आणि वर ७,००० रुपये द्यायला सांगितलं. केरळात एर्नाकुलमच्या आयोगानं तर मापात चुकलेल्या साध्या सदऱ्यासाठीही शिंप्याला भरपाई द्यायला लावली.

वाकोलेकरांसाठी मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. दुकान कुठल्याही गावात असलं तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला तर पुष्कळदा तिथंच तोड निघते.

या सगळ्याला हाताशी वेळ मात्र हवा. दिवाळी संपते न संपते तोच तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त सुरू होतात. ख्रिस्ती लग्नं आगमनकाळ टाळून नाताळनंतर आणि उपवासकाळाच्या आधी दाटीनं येतात. शिंप्याकडे दोन्ही गर्दी एकामागोमाग पोहोचते आणि अशा वेळी तोंडी दिलेली तारीख हमखास पुढं सरकते. म्हणून हॉलची पावती फाडाल त्याच आठवड्यात शिंप्याकडे जा. त्याच्याकडून पावती मागून घ्या आणि तिच्यावर मापं, किती माया ठेवायची ते, दोन्ही ट्रायलच्या तारखा आणि कपडा हातात देण्याचा दिवस स्पष्ट लिहून घ्या.