दार उघडलं ते करामुळे

इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या जुन्या हवेल्या पाहायला गेलं, की दालनातल्या रेशमी खुर्च्यांवर कुठे पाइनचं सुकं फळ, तर कुठे एखादं काटेरी वाळकं बोंड ठेवलेलं दिसतं. 'इथे बसू नये' अशी पाटी लावण्याऐवजी केलेली ही युक्ती. पडदे अर्धवट ओढलेले असतात, कारण उजेडानं कापड विटतं. दारापाशी निवृत्तीनंतर स्वयंसेवक झालेलं कुणीतरी उभं असतं आणि विचारलं तर छतावरच्या नक्षीपासून भिंतीवरच्या चित्रांपर्यंत सगळं हौसेनं सांगतं. बाहेर नजर पोचेल तिथवर हिरवळ, तळं, चरणाऱ्या मेंढ्या आणि जुन्या तबेल्यात थाटलेलं चहाघर. ही सगळी व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली आहे की पाहणाऱ्याला वाटावं, उमरावांनी मोठ्या मनानं आपली घरं लोकांना दाखवायला काढली असतील. मनाचा मोठेपणा काहींनी दाखवलाही, पण बहुतेक दारं उघडली ती करामुळे. सरकारनं वारशावर जबर कर बसवला, मालक अडचणीत आले आणि 'घर राखायला सवलत मिळेल, मात्र लोकांना आत येऊ द्यावं लागेल' असा सौदा हळूहळू कायद्यात उतरला. तो ध्यानात घेतला, तर तिकीट काढून आत जाणारा माणूस निव्वळ पाहुणा राहत नाही. तो या व्यवहारातला एक पक्ष ठरतो आणि पक्षकाराला हिशेब विचारायचा अधिकार असतो.

हिशेब विचारायचा, तर आधी ही घरं चालत कशी होती ते पाहिलं पाहिजे. एखादी हवेली म्हणजे नुसती इमारत नव्हती. तिच्याभोवती हजारो एकर जमीन, कुळांची शेतं, जंगल, कधी खाणी, कधी अख्खं गाव असे. कुळांच्या खंडावर घर उभं राही आणि नोकरांच्या ताफ्यावर ते चाले. जे निसर्गरम्य म्हणून आज डोळे निववतं, तेही बरंचसं बेतून घडवलेलं आहे. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन, म्हणजे 'केपेबिलिटी' ब्राउन, यानं जुन्या आखीवरेखीव बागा मोडून लाटांसारखी हिरवळ, वळणदार तळी आणि विखुरलेले वृक्षपुंज यांची फॅशन रूढ केली. ब्लेनहाइमचं प्रसिद्ध तळं त्यानं तिथल्या ओढ्याला बांध घालून केलेलं आहे. मेंढ्या थेट घरापर्यंत चरत आल्यासारख्या दिसाव्यात, पण अंगणात शिरू नयेत, म्हणून मध्ये एक खोल चर खणत. त्याची घराकडची बाजू भिंतीसारखी उभी बांधलेली असे आणि खिडकीतून पाहणाऱ्याला तो चर दिसतच नसे. देखाव्याआड येणारी माणसंही अशीच नजरेआड केली गेली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टननं आपल्या घरालगतचं मिडलटन नावाचं बाजाराचं गाव हटवलं आणि १७८० च्या सुमारास काही अंतरावर मिल्टन ॲबस हे नवं गाव वसवलं. त्या आखणीत ब्राउनचाही हात होता. एकसारख्या, गवती छपरांच्या घरांची ती रांग आज पर्यटकांना फार गोड वाटते. ती मुळात विस्थापितांची वसाहत आहे, हे घरांकडे नुसतं पाहून कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, की ही घरं तर कर येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पाहत आले आहेत. ते खरंच आहे. 'प्राइड अँड प्रेजुडिस'ची नायिका मालकाच्या गैरहजेरीत त्याचं घर पाहायला जाते आणि घरची कारभारीण तिला दालनं दाखवते. १८१३ च्या वाचकांना त्यात काही नवल वाटलं नसणार. होरेस वॉलपोलनं तर आपल्या स्ट्रॉबेरी हिलसाठी तिकिटं छापली होती, दिवसाला चारच माणसं येतील आणि मुलं आणायची नाहीत, असे नियमही केले होते. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थजवळ १८४९ साली रेल्वे पोचली, तेव्हा कारखान्यातले कामगारसुद्धा झुंडीनं तिथे जाऊ लागले. पण हे सगळं मालकाच्या मर्जीवर होतं. मर्जी फिरली की दार बंद, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कित्येक घरांनी दारं लावून घेतलीही. मर्जीनं मिळालेला प्रवेश आणि कायद्याच्या अटीनं मिळालेला प्रवेश यांत फरक असतो. पहिल्यासाठी आभार मानायचे असतात, दुसरा कमी पडला तर तक्रार करता येते.

ही मर्जी मोडली ती अर्थकारणानं. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं, शेतमालाचे भाव कोसळले आणि खंडाचं उत्पन्न आटलं. १८९४ साली अर्थमंत्री विल्यम हार्कोर्ट यांनी मृत्यूनंतर संपत्तीवर कर बसवला, तेव्हा त्याचा सर्वांत वरचा दर ८ टक्के होता. १९१९ साली तो ४० टक्के आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ८० टक्क्यांवर गेला. त्यातच दोन महायुद्धांत वारस मारले गेले. तळ्याकाठच्या देवळांसाठी नावाजलेल्या विल्टशरमधल्या स्टोअरहेडचे मालक सर हेन्री होअर यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात गेला, आणि शेवटी १९४६ साली त्यांनी ती मालमत्ता नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली.

या नॅशनल ट्रस्टची स्थापना १८९५ ची. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांना सुरुवातीला हवेल्यांची फिकीर नव्हती. शहरातल्या गरिबांना मोकळी हवा, डोंगर आणि पायवाटा मिळाव्यात हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावातलं धर्मगुरूचं मोडकळीला आलेलं घर, किंमत १० पौंड. मोठ्या घरांकडे संस्थेला वळवलं ते लॉर्ड लोथियन यांनी. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटू नये. १९३२ साली भारतात मताधिकाराची चौकशी करायला आलेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य असलेल्या लोथियन समितीचे अध्यक्ष ते हेच. करापायी देशातली घरं नष्ट होतील असा इशारा त्यांनी १९३४ साली दिला. त्यातून १९३७ चा कायदा आला. मालकानं घर आणि त्याच्या देखभालीपुरती मिळकत ट्रस्टला द्यायची, करातून सुटका मिळवायची, हवं तर कुटुंबानं तिथेच राहायचं, पण ठरल्या दिवशी लोकांना दार उघडायचं. लोथियन १९४० साली वारले आणि त्यांचं नॉरफकमधलं ब्लिकलिंग हॉल याच वाटेनं ट्रस्टकडे आलं. युद्धानंतर मजूर पक्षाचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी ५ कोटी पौंडांचा निधी उभा केला. त्यामुळे कराऐवजी घरच घेण्याची सोय झाली आणि १९४७ साली कॉर्नवॉलमधलं कोटील हे असं पहिलं घर आलं. चॅट्सवर्थचं उदाहरण तर बोलकं आहे. दहाव्या ड्यूकनं हयातीतच मालमत्ता मुलाच्या नावे केली होती, पण कर टाळायला लागणारी पाच वर्षांची मुदत पुरी व्हायला थोडे आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, तो वारला. ८० टक्के कर लागू झाला. जमिनी विकल्या, मौल्यवान चित्रं दिली, हार्डविक हॉल हे एलिझाबेथकालीन घर करापोटी सरकारजमा झालं आणि तिथून ट्रस्टकडे गेलं.

मग या करानं वारसा वाचवला की बुडवला? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं १९७४ साली एक गाजलेलं प्रदर्शन भरवलं. तिथे पाडल्या गेलेल्या हजाराहून अधिक घरांची नोंद मांडली होती. छपराचं शिसं विकून, भिंती सुरुंगानं उडवून कित्येक सुंदर वास्तू संपल्या. या नुकसानीला कर अंशतः कारण होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ करावर खापर फोडताना दोन गोष्टी नजरेआड होतात. खंडाचं उत्पन्न कर वाढण्याआधीच आटलं होतं, आणि अशा घरासाठी लागणारे अल्प पगाराचे नोकर पहिल्या महायुद्धानंतर मिळेनासे झाले. कर नसता तरी यातली पुष्कळ घरं टिकली नसती, आणि जी टिकली असती ती कुंपणापलीकडून पाहावी लागली असती. ज्यांना सौदा जमला नाही त्यांनी बाजार मांडला. लाँगलीटच्या मालकानं १९४९ साली अर्ध्या क्राउनचं तिकीट लावून घर खुलं केलं आणि १९६६ साली आवारात चक्क सिंह आणून सोडले. घराण्याची अब्रू गेली म्हणून त्या वेळी नाकं मुरडली गेली, पण छप्पर शाबूत राहिलं.

उलट बाजूचा आक्षेप अधिक टोकदार आहे. उमराव अजून त्याच घरात राहतात, करसवलत मिळवतात आणि वर लोकांकडून तिकिटाचे पैसे घेतात. मग जनतेनं कमावलं काय? यात तथ्य आहे. काही घरं सवलत घेऊन वर्षातले मोजकेच दिवस उघडतात आणि ते दिवस शोधून काढावे लागतात. तरीही तुलना आधीच्या स्थितीशी करायला हवी. एप्रिल १९३२ मध्ये किंडर स्काउट या माळरानावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम शिरले. ती जमीन चॅट्सवर्थच्याच ड्यूकची होती, शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेली. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. आज तेच माळरान नॅशनल ट्रस्टचं आहे, कुणीही चालत जावं. २००२ साली अकराव्या ड्यूकनं आजोबांच्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफीही मागितली. ट्रस्टचे सभासद आता पन्नास लाखांहून जास्त आहेत. सौदा अपुरा असेल, पण तो एकतर्फी नाही.

हिशेबातलं सर्वांत अवघड पान भारताशी आणि वेस्ट इंडीजशी जोडलेलं आहे. बर्कशरमधलं बेसिल्डन पार्क बांधलं फ्रान्सिस साइक्सनं, बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गडगंज होऊन. ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट तर मुघल घाटाचा हिरवट घुमट डोक्यावर घेऊन उभं आहे. त्याचा मालक चार्ल्स कॉकरेल हाही कंपनीच्याच चाकरीत श्रीमंत झालेला. यॉर्कशरमधल्या हेअरवुडचा पैसा ऊस आणि गुलामांच्या श्रमातून आला. हॅम्पशरमधल्या स्ट्रॅटफील्ड सेचा धागा थेट जालना जिल्ह्यापर्यंत येतो. संसदेनं दिलेल्या पैशातून १८१७ साली हे घर ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनसाठी घेतलं गेलं, त्यानं १८०३ साली असईला मराठी फौजांचा पराभव करून नाव कमावलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टनं आपल्या ९३ मालमत्तांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा काही खासदार आणि वर्तमानपत्रं खवळली. लोक फुलं पाहायला येतात, त्यांना अपराधी कशाला वाटू द्यायचं, हा त्यांचा मुद्दा. पण पैसा कुठून आला हे सांगणं म्हणजे पाहणाऱ्यावर आरोप करणं नव्हे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा दोष आजच्या सभासदावर येत नाही. मात्र छपरासाठी पैसे आजचा सभासद देतो, तेव्हा कागदपत्रं त्याच्यापासून झाकून ठेवण्याचं कारण उरत नाही.

कर्झनचं घर या साऱ्या गुंत्याचा नमुनाच आहे. व्हाइसरॉय असताना १९०४ साली त्यानं भारतातल्या प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा केला. मायदेशी परतल्यावर टॅटरशॉल किल्ल्यातल्या कोरीव शेकोट्या काढून विकल्या जात असल्याचं कळलं, तेव्हा त्यानं किल्ला विकत घेतला आणि शेकोट्या परत मिळवल्या. त्या खळबळीतून ब्रिटनचा १९१३ चा कायदा आला, पण त्यात राहती घरं वगळलेली होती. खुद्द त्याच्या घराण्याचं केडल्स्टन हॉल पुढे वारसाकराच्या ओझ्याखाली आलं आणि सार्वजनिक निधीच्या मदतीनं १९८७ साली नॅशनल ट्रस्टकडे गेलं. त्यानं पूर्वेकडून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आज तिथे तिकीट काढून पाहता येतं. म्हणून अशा घरात शिरताना दिवाणखाना पाहावाच, पण तळघरातलं स्वयंपाकघर, नोकरांच्या घंटांची रांग आणि बागेतला तो न दिसणारा चरही पाहावा. आणि स्वयंसेवकाला तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: हे बांधायला पैसा कुठून आला, इथे आधी कोण राहत होतं आणि हे लोकांसाठी कोणत्या अटीवर खुलं झालं. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं. जिथे मिळत नाही, तिथे सौद्यातला आपला वाटा अजून वसूल व्हायचा आहे असं समजावं.