वेठ आणि सेवा : यरुशलेमच्या मंदिरातला एक शब्द

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात 'वेठ' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतले, की ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय कामाला जायचे नाही, असे तिथे ठरले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा मांडला आहे. प्राचीन इस्राएलच्या मंदिरसेवेचा अभ्यास करताना मला तो पुन्हा पुन्हा आठवला, याचे कारण एक हिब्रू शब्द : 'अवोदा'.

अवोदा म्हणजे काम, राबणूक. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात इस्राएली लोक फारोसाठी विटा पाडतात, शेतात राबतात. त्या वेठीला हाच शब्द आहे. पुढे त्याच ग्रंथात दर्शनमंडपातल्या उपासनेलाही हाच शब्द येतो. मग सुटका झाली म्हणजे नुसता मालक बदलला काय?

याचे उत्तर सेवेच्या नियमांत सापडते. दर्शनमंडपाचे काम लेवी वंशाकडे होते, पण पन्नाशीनंतर त्यांना नेमून दिलेल्या कामातून मोकळीक होती (गणना ८). शब्बाथाची विश्रांती दास-दासींना आणि बैलालाही होती, आणि त्याचे कारण म्हणून मिसरातल्या दास्याचीच आठवण दिलेली आहे (अनुवाद ५). अर्पणही ऐपतीप्रमाणे. पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसेल तर थोडे पीठ (लेवीय ५). देवासाठी गरिबाला कर्ज काढावे लागू नये, अशी ही तजवीज आहे, असे मी समजतो. बाळंतपणानंतरच्या अर्पणातही अशी सवलत होती आणि येशूच्या आईवडिलांनी तीच घेतली, असे लूक सांगतो.

पण मंदिराच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. शलमोनाने मंदिर बांधण्यासाठी तीस हजार माणसे वेठीला धरली. दर महिन्याला दहा हजार अशी पाळी लावून त्यांना लबानोनात पाठवले, असे राजांच्या पहिल्या ग्रंथात आहे. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी रहबामाकडे एकच मागणी केली : बापाने लादलेली कठीण 'अवोदा' हलकी कर. शब्द तोच! रहबामाने जू आणखी जड करण्याची धमकी दिली. लोकांनी वेठीवरच्या मुकादमाला दगडांनी ठार केले आणि राज्य दुभंगले. देवाचे घर उभे राहिले, पण ते बांधताना मिसर विसरला गेला होता.

ते मंदिर बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. सहाव्या शतकात जाळले. दुसऱ्या मंदिरात याजकांचे चोवीस वर्ग पाळीपाळीने सेवा करत. जखऱ्याच्या पाळीचे दिवस पुरे झाले असे लूक लिहितो, तेव्हा 'लितुर्गिया' हा ग्रीक शब्द वापरतो. ख्रिस्ती उपासनाविधीला तेच नाव मिळाले. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने हेही मंदिर पाडले. यज्ञ थांबले, पण यहुद्यांनी प्रार्थनेलाच 'हृदयाची अवोदा' मानले. ख्रिस्ती लोकांनी वेगळी वाट धरली. इब्री लोकांस पत्र म्हणते, की ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केले, आता पुन्हा बळी नको. पौल रोमकरांना सांगतो, की आपले शरीर हेच जिवंत अर्पण.

मग सेवा उरली कुठे? योहानाच्या तेराव्या अध्यायात गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ते काम दासाचे होते. तलासरीत येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन आहे, तर डहाणूत ब्रेदरन मिशनने काम केले. दोन्ही परंपरा वेगळ्या. पण कॅथलिक पवित्र गुरुवारी पाय धुतात आणि ब्रेदरन प्रीतिभोजनाच्या वेळी.

वेठीत खालच्याने वरच्यासाठी राबायचे, आणि नाही म्हणायची सोय नाही. पाय धुण्यात वरचा आपणहून खाली बसतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी झरीला वेठ नाकारली, त्यांना हा फरक कोणा पंडिताकडून शिकावा लागत नाही. आपल्या देवळात आणि चर्चमध्ये झाडलोट, स्वयंपाक, ओझी वाहणे 'सेवा' म्हणून नेहमी त्याच हातांकडे जात असेल, तर मात्र ती कोणती अवोदा, हे विचारायलाच हवे.