पळसाचा रंग आणि दगडाचा रंग

पळसदेवच्या नावातच पळस आहे. फाल्गुनात त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर नारिंगी फुले येतात आणि मागे निळे आकाश असले, की ती जणू पेटून उठतात. मुलांनो, रंगचक्रात नारिंगी व निळा अगदी समोरासमोर येतात. अशा जोडीला विरोधी रंग म्हणतात. शेजारी बसले, की ते परस्परांना उजळतात.

शेजाराचा हा प्रभाव पॅरिसच्या गोब्लँ विणकाम-कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी अभ्यासला व १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तेथील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. दोष मात्र शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा निघाला.

हेच दोन रंग एकत्र कालवले, तर उलटेच घडते. दोघांचेही तेज मावळते व करडा रंग उरतो. माझा एक विद्यार्थी पळसनाथाचे जुने देऊळ रंगवीत होता. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात ते बुडाले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पुन्हा दर्शन देते. त्याने देवळाला नळीतला काळा रंग फासला होता. कागदाला भोक पडावे तसे ते दिसे. त्यातच ताटलीतल्या निळ्यात नारिंगी मिसळला गेला आणि तो हिरमुसला. मी म्हणालो, “नव्या कागदावर हाच बिघडलेला रंग घे.” सावलीतल्या शिळांसाठी त्याने त्यात निळा किंचित वाढविला, उन्हातल्यांसाठी नारिंगी. दगड दगडासारखे दिसू लागले, ऊनही तापले.

शेवटी काठावर त्याने एक फुललेला पळस काढला, निव्वळ नारिंगी. भर वैशाखात पळसाला फुले नसतात, हे मी त्याला सांगितले नाही.