ग्रिलरचा ट्रे आज कोण रिकामा करणार?

व्हिडिओत आपण काउंटरवरचा इलेक्ट्रिक ग्रिलर कसा निवडायचा ते बघितलं. पण त्यातून निघणाऱ्या तेला-बटरचं काय करायचं, हे घाईत राहून गेलं. आज तेवढंच बोलू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी. ग्रिलरखालचा ट्रे काठोकाठ भरलेला. हेल्परने घाईत ग्रिलर जरा सरकवला आणि गरम बटर त्याच्या मनगटावर सांडलं. दुकान तसंच सोडून त्याला दवाखान्यात नेलं. त्याचा मोठा भाऊ आला. भांडला नाही, फक्त विचारलं, "दादा, तो ट्रे रिकामा करायचं काम कोणाचं होतं?"

खरं उत्तर होतं, कोणाचंच नाही. मी ते कोणाला दिलंच नव्हतं. म्हणजे चूक माझी.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात हे नियम आहेत. तुम्हीही लावून घ्या.

बटर ब्रेडला लावा, प्लेटवर ओतू नका. बटरमध्ये पाणी आणि दुधाचा अंशही असतो. तो अंश जळून काळा थर बसतो, धूर होतो आणि पुढचं सँडविच कडवट लागतं. शिवाय जास्तीचं बटर म्हणजे ट्रेमध्ये गेलेले तुमचेच पैसे.

ट्रे अर्धा भरला की रिकामा. पूर्ण भरायची वाट बघू नका. गर्दी सुरू व्हायच्या आधी एकदा बघायचाच.

मोरीत ओतू नका. गरम असताना पातळ दिसतं, पाइपात गेल्यावर थिजतं आणि मोरी तुंबते. थंड झाल्यावर डब्यात भरा. ट्रे आधी रद्दी पेपरने पुसा, मग साबणाने धुवा.

प्लेट कोमट असताना साफ करा. आधी प्लग काढा. मग स्क्रॅपरने खरवडा आणि ओल्या फडक्याने पुसा. तापलेल्या बिडाच्या प्लेटवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. नॉनस्टिक असेल तर लाकडी उलथनंच वापरा.

पॉइंट १६ अँपिअरचाच हवा. २००० वॅटचा ग्रिलर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटला तो झेपत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाच्या भानगडीत पडू नका. वायर ट्रेच्या बाजूने नेऊ नका.

आग लागली तर पाणी अजिबात नाही. पाण्याची लगेच वाफ होते आणि जळतं तेल चारी बाजूंना उडतं. मेन स्विच बंद करा, जमत असेल तर धातूचं झाकण टाका. आटोक्यात येत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

आता हिशोब. समजा हेल्परचा पगार १२,००० रुपये, महिन्याला २६ दिवस, रोज १० तास. सफाईची रोजची १० मिनिटं म्हणजे आठ रुपयांच्याही आत. महिन्याचे २०० रुपये. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण हा साधा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता.

आज दुकान बंद करण्याआधी एक काम करा. एका कागदावर वार लिहा, प्रत्येक वारापुढे एक नाव लिहा आणि तो कागद ग्रिलरच्या वर चिकटवा. आमच्याकडे सोमवारपुढे माझं नाव आहे.

तो हेल्पर आजही माझ्याकडेच आहे. मनगटावरचा डाग मात्र गेलेला नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!