जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा
पाथर्डी तालुक्यातील तिसगाव असो वा शहर, जुना डेस्कटॉप अडला की फॉरमॅटची घाई नको. वर्षानुवर्षांचा हिशेब आणि फोटो त्यातच असतात.

काहीच हलत नाही? प्लग, वायर, मागचे बटण पाहा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विद्युतभार राहतो.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी? मॉनिटरची केबल तपासा. मग प्लग काढून रॅमची सोनेरी टोके खोडरबरने पुसा, घट्ट बसवा.

तारीख मागे जाते? मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा 'सीआर २०३२' सेल बदला. बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम तपासा.

हार्ड डिस्कमधून टकटक? पुन्हा पुन्हा सुरू करू नका. जाणकाराकडून आधी डेटा काढून घ्या. सेल नवा मिळतो, हिशेब नाही.