बर्फाखालचे तळे आणि कोई माशांचा हिवाळा

जपानच्या निईगाता प्रांतातील ओजिया आणि यामाकोशी या डोंगराळ भागात ऑक्टोबर महिना उजाडताच मत्स्यसंवर्धकांची लगबग सुरू होते. उन्हाळाभर मातीच्या उघड्या तळ्यांत वाढलेले रंगीत कोई मासे पहिला बर्फ पडण्यापूर्वी जाळ्याने बाहेर काढले जातात आणि हरितगृहासारख्या छपराखालील सिमेंटच्या हौदांत हलविले जातात. या भागात हिवाळ्यात तीन मीटरपर्यंत बर्फ साचतो. याच खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, हिवाळ्यातील अन्न म्हणून पाळलेल्या साध्या कार्प माशांमध्ये रंगीत मासे आढळून आले आणि त्यांच्या निवडक पैदाशीतून आजचा कोई मासा घडला. भारतातील मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणून ओळखतात, त्याच कुळातील हा शोभिवंत मासा होय.

कोई मासा थंडीने लगेच मरतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पाणी ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक जड असते. त्यामुळे तळ्याचा पृष्ठभाग गोठला, तरी तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी टिकून राहते आणि मासे तेथे निश्चल अवस्थेत हिवाळा काढू शकतात. मात्र त्यासाठी तळे पुरेसे खोल हवे. थंड प्रदेशांत किमान सव्वा मीटर खोलीची शिफारस केली जाते. हवेचा पंप वापरात असल्यास बुडबुडे सोडणारा दगड तळाशी न ठेवता पृष्ठभागाच्या जवळ टांगावा लागतो. अन्यथा वरचे अतिथंड पाणी खाली घुसळले जाऊन माशांचा आसराच नाहीसा होतो.

खरा धोका थंडीपेक्षा बंदिस्तपणाचा असतो. बर्फाचा थर संपूर्ण पृष्ठभागावर पसरला, की तळाच्या कुजणाऱ्या गाळातून निघणारे वायू बाहेर पडू शकत नाहीत आणि प्राणवायू आत येऊ शकत नाही. बर्फावर हिम साचल्यास सूर्यप्रकाशही अडतो व पाण्यातील शेवाळाकडून मिळणारा प्राणवायूही थांबतो. म्हणून बर्फात एक छिद्र सतत उघडे ठेवणे आवश्यक ठरते. हे छिद्र घणाचे घाव घालून पाडू नये, कारण त्या आघाताच्या लहरी पाण्यातून थेट माशांपर्यंत पोहोचतात. गरम पाण्याने भरलेले भांडे बर्फावर ठेवून तो हळूहळू वितळविणे, हा जुना आणि निर्धोक उपाय आहे.

कार्प माशाला जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते आणि पाणी १० अंशांखाली गेले, की पचनक्रिया जवळजवळ थांबते. अशा वेळी मालकाने मायेपोटी टाकलेला चारा माशाला अपायच करतो. थंडीत माशाची प्रतिकारशक्तीही मंदावते. वसंत ऋतूत पाणी तापू लागते, तेव्हा रोगजंतू माशाच्या प्रतिकारशक्तीपेक्षा आधी जागे होतात. त्यामुळे ऐन हिवाळ्यापेक्षा हे आरंभीचे आठवडे अधिक घातक ठरतात. तळे झाकण्याचा आणि तापविण्याचा खटाटोप मुख्यत्वे हा काळ टाळण्यासाठी असतो.

तापविण्याचा हिशेब सोपा, पण खिशाला जड आहे. एक हजार लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते. म्हणजे दहा हजार लिटरच्या तळ्यास ४ अंशांवरून १२ अंशांवर नेण्यासाठी, वाटेतील गळती सोडूनही, सुमारे ९३ युनिट खर्ची पडतात. उघडे तळे एका रात्रीत दोन अंशांनी थंड झाले, तर ती तूट भरून काढण्यास रोज २३ युनिट हवेत. बाष्पीभवन, वारा आणि निरभ्र आकाशाकडे होणारे उत्सर्जन या तिन्ही मार्गांनी उष्णता पृष्ठभागातूनच निसटते. साहजिकच हीटर विकत घेण्यापूर्वी झाकण बसविणे शहाणपणाचे.

झाकणासाठी दुपदरी पॉलिकार्बोनेटचे पत्रे, हरितगृहाचे प्लॅस्टिक किंवा पाण्यावर तरंगणारे हवेच्या फुग्यांचे प्लॅस्टिक वापरले जाते. हिमाचा भार सोसण्यासाठी सांगाडा उतरता आणि भक्कम असावा लागतो, तसेच वायुवीजनासाठी फट ठेवावी लागते. पाणी तापविले की मासे पुन्हा खाऊ लागतात आणि विष्ठेतून अमोनिया वाढतो. तो निष्प्रभ करणारे गाळणीतील जीवाणूही थंडीत मंदावलेले असतात, याचा विसर पडता कामा नये. तापमानातील बदल दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा अधिक नसावा.

निईगातातील संवर्धक पहिल्या वर्षाची पिल्ले २० अंशांहून अधिक तापमानात ठेवून हिवाळाभर वाढवितात. ही व्यवस्था विजेवर आणि इंधनावर किती अवलंबून आहे, हे २००४ साली दिसून आले. त्या वर्षी २३ ऑक्टोबरच्या सायंकाळी ६.८ रिश्टर क्षमतेच्या भूकंपाने चुएत्सू परिसर हादरला. भूकंपात ६८ जणांचा मृत्यू झाला, दरडींनी रस्ते तोडले आणि सुमारे दोन हजार वस्तीचे यामाकोशी गाव पूर्णपणे रिकामे करण्यात आले. मासे हौदांत हलविण्याचाच तो हंगाम होता. तळ्यांचे बांध फुटले, वीज गेली, पंप थांबले आणि असंख्य मासे मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांपैकी काही मासे हेलिकॉप्टरने खाली आणण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले प्रजननाचे मासे गमावणे म्हणजे उपजीविकेचे बियाणेच गमावणे होते. तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिलेल्या अखेरच्या रहिवाशांना परतण्यास २००७ साल उजाडले. २०१७ साली निईगाता प्रांताने कोई माशास प्रांताचा अधिकृत मासा घोषित केले.

भारतात तळी गोठण्याचा प्रश्न काश्मीर व हिमालयाच्या उंच भागांपुरताच आहे. निफाडला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण पुरेशा खोल तळ्यास तेवढी थंडी पुरत नाही. उत्तरेकडील मैदानांत मात्र डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरील उथळ हौद झपाट्याने थंड होतात. तेथे रात्री झाकण घालणे, पाण्याचे तापमान रोज सकाळी मोजणे आणि ते १० अंशांखाली असेपर्यंत चारा बंद ठेवणे एवढे बहुधा पुरेसे ठरते.